शेजारच्या फोनवरची बाळंतीण

शिरूरच्या एसटी स्टँडमागं खतांचं एक दुकान होतं, त्याच्या माडीवर दोन खोल्या. त्यातल्या पुढच्या खोलीत करुणा साळवे दिवसभर फोनवर बोलत बसायची. दोन हजार चार साल होतं. पुण्याच्या एका संस्थेनं शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या गरोदर बायांसाठी योजना काढली होती. बाईनं नाव नोंदवायचं, फोन नंबर द्यायचा. पोटुशी असताना दर महिन्याला एक फोन. बाळंत झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि चाळिसाव्या दिवशी फोन. ताप आहे का, अंगावरून फार जातं का, वास येतो का, पायाला सूज, डोकं दुखणं, बाळ अंगावर पितं का, असे अकरा प्रश्न. काही वावगं वाटलं तर करुणानं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन जोडून द्यायचा. सगळं ठीक असेल तर रजिस्टरात बरोबरची खूण करायची आणि पुढचा नंबर लावायचा.

न्हावऱ्याच्या म्हाळू साळव्यांची ही थोरली लेक. एसटीनं जाऊन-येऊन बी. ए. झालेली. लग्नही साळव्यांच्याच दुसऱ्या घरात झालं, त्यामुळं आडनाव बदललं नाही. नवरा नवनाथ रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. आठवडाभर पहिली पाळी, आठवडाभर दुसरी. तो गमतीनं म्हणायचा, "आमची बाई पगार घेऊन गप्पा मारती." त्यावर करुणा म्हणायची, "आन् तुमी पगार घेऊन नट पिळता. गप्पा मारून बघा एकदा तीस जणींशी."

गप्पा मारणं सोपं नव्हतंच. अनोळखी आवाजाला बाई अंगावरून जाण्याबद्दल कसं सांगणार? करुणा आधी म्हशीची, पावसापाण्याची, नणंदेची चौकशी करायची. मग हळूच मुद्द्यावर यायची. अकरा प्रश्न संपले की बारावा प्रश्न ती स्वतःच्या मनानं विचारायची. "आणि तुम्ही स्वतः कशा आहात?" हा प्रश्न कागदावर कुठंच नव्हता. तिचा मुलगा आयुष झाला तेव्हा घर बाळानं भरून गेलं होतं, जो येई तो बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघे, आणि करुणा भिंतीकडं तोंड करून महिनाभर रडत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न तिच्याजवळ होता. तो ऐकून कितीतरी बाया फोनवर एकदम गप्प व्हायच्या.

अंजना मात्र गप्प व्हायची नाही. ही दौंडजवळची, वीस वर्षांची. नवरा ज्ञानू रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. सासरी नवा फोन आलेला, त्यामुळं गरोदरपणातले सगळे फोन तिनं स्वतः घेतले.

"मॅडम, एक इचारू? हसायचं न्हाई."

"नाही हसत. बोल."

"मला भिंतीचा वास लई आवडतो हो. पाणी मारल्यावर. चाटावी वाटती."

करुणा हसलीच. मग तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, अंजनाचं रक्त तपासून घेतलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी अंजनानं कळवलं, "आता भिंत वाचली मॅडम. सासूबाई म्हणत्यात, पोपडे पाडायचं थांबीवलं बघा सुनंनं." रजिस्टरात 'रक्त कमी – उपचार सुरू' अशी ओळ होती आणि योजनेच्या मासिक अहवालात ती ओळ मोठ्या अभिमानानं पुण्याला गेली होती. फोननं काही होतं, ते असं होतं. करुणाला त्याबद्दल कधी शंका आली नाही.

सातव्या महिन्यात ओटी भरून अंजना माहेरी गेली, कवठे येमाईला. पहिलं बाळंतपण माहेरीच. जाण्याआधी तिनं नवा नंबर सांगितला आणि पुढं म्हणाली, "पी. पी. हाय बरं का मॅडम."

पी. पी. म्हणजे शेजारच्या घरचा फोन. लग्नपत्रिकेवर असतो तसा. करुणाच्या रजिस्टरात निम्म्याहून जास्त नंबर असेच होते. अंजनाच्या माहेरची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, आणि फोन ओढ्यापलीकडं पोपटरावांच्या बंगल्यात. पोपटराव दूध संस्थेतले जुने पुढारी. फोन घ्यायच्या त्यांच्या बायको, झुंबरबाई. वस्तीवरच्या सगळ्यांचे निरोप त्याच द्यायच्या आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

ऑगस्टच्या शेवटी तालुक्याच्या ठिकाणी अंजना बाळंत झाली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी घरी आली. तिसऱ्या दिवशी करुणानं नंबर लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी झुंबरबाई. तुमी फोनच्या बाई ना? अंजी बरी हाय. लेक झालीय. लक्ष्मी हाय म्हणायचं, दुसरं काय."

"मावशी, तिला जरा बोलावता का?"

"अगं बाई! बाळंतीण ओढा वलांडून कशी येईल? अजून पाचवी व्हायचीय. वारं लागंल का न्हाई?"

"मग तिची आई?"

"शेवंता धुणं घेऊन गेली. सकाळीच मी इचारलं तिला, बरी हाय म्हणली. बाळ पितंय, अंजी जेवती. लिवा तुमी."

करुणानं पेन उचललं, क्षणभर थांबली. फोन लागला नाही तर रजिस्टरात फुली. फुल्या शंभरात दहाच्या वर गेल्या की विश्वजीत सर विचारत. सर म्हणजे योजनेचे अधिकारी, पुण्याहून आठवड्यातून दोनदा येणारे, तिशीतले, प्रामाणिक. ओरडत नसत. फक्त म्हणत, "करुणाताई, आकडे पडले तर पुढच्या वर्षी ही योजना कोण देणार आपल्याला?" आणि इथं फोन तर लागला होता. उत्तरही मिळालं होतं. तिनं बरोबरची खूण केली. अशा खुणा तिनं त्याआधी किती केल्या होत्या, हे तिनं कधी मोजलं नव्हतं. बाळंतीण बारा दिवस खोलीबाहेर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती स्वतःही आली नव्हती. तिच्या घरी आलेल्या कुणाच्याही फोनला सासूनंच उत्तर दिलं असतं.

सातव्या दिवशी पुन्हा झुंबरबाई. मागं दळणाच्या गिरणीसारखा कसला तरी घरघराट होता.

"बरी हाय हो. जरा कणकण हाय म्हणं, पर दूध उतारताना ताप येतोच की बायांना."

"ताप आहे? किती दिवस?"

"ताप न्हवं, कणकण. आता मी काय जाऊन हात लावून बघू व्हय? कांदा काढायला मानसं आल्यात माझ्याकडं. बाराव्याला भाईर येईल, तवा घटकाभर बोला तिच्यासंगं."

"मावशी, तिच्या आईला तेवढं सांगा, ताप वाढला तर लगेच दवाखान्यात..."

"सांगते, सांगते." फोन ठेवला गेला.

करुणानं घड्याळ बघितलं. बाराला दहा कमी. अजून चौदा नंबर राहिले होते. डॉक्टरीणबाई सोमवारी आणि गुरुवारीच फोनवर असत, तो दिवस शनिवार होता. 'ताप' या शब्दापुढं तिनं 'नाही' लिहिलं. मग खूण केली.

चौदाव्या दिवशी झुंबरबाईंचा आवाज वेगळाच आला. बारीक.

"बाई, आता फोन करू नका."

"का? काय झालं?"

"अंजी गेली. नवव्या दिशी. थंडी भरून आली, वास मारायला लागला अंगाला, बरळाय लागली. जीप केली, पर शिक्रापूरच्या म्होरं न्हाई गेली. पोरगी हाय. तिला पावडर देत्यात."

करुणा त्या दिवशी उरलेले फोन न लावता घरी गेली. नवनाथनं कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "डोकं दुखतंय." पुढं कितीतरी दिवस तिचं डोकं दुखत होतं.

रजिस्टरात विश्वजीत सरांनी स्वतः ओळ लिहिली: 'प्रसूतीनंतर नववा दिवस – आकस्मिक मृत्यू. तिसऱ्या व सातव्या दिवशी प्रकृती ठीक असल्याची नोंद आहे.' लिहून झाल्यावर ते म्हणाले, "आपल्या बाजूनं काही राहिलं नव्हतं, करुणाताई. असं होतं कधी कधी." दोन खुणा तिनं केल्या होत्या, आणि त्या दोन खुणांनीच आता 'आकस्मिक' हा शब्द उभा केला होता.

जानेवारीत पुण्याहून रश्मी नावाची एक बाई आली. योजनेला पैसे देणाऱ्यांना जाणून घ्यायचं होतं की फोनवरून बाळंतिणीची काळजी घेता येते का, आणि ते तपासायला तिला पाठवलं होतं. शांत, चष्मेवाली, हाताशी छापील कागदांची चवड. तिनं रजिस्टरातून चाळीस नावं काढली. त्या घरी प्रत्यक्ष जायचं, बाईला तेच अकरा प्रश्न विचारायचे आणि रजिस्टरातल्या उत्तरांशी ताडून बघायचे. सोबत करुणा हवी, कारण अनोळखी पुणेरी बाईसमोर वस्तीवर कुणी तोंड उघडणार नव्हतं.

चाळीस नावांत अंजनाचंही नाव निघालं.

"हे वगळलं तर चालेल का?" विश्वजीत सरांनी रश्मीला विचारलं. "बाई हयात नाहीत."

"मग घरच्यांना विचारू," रश्मी म्हणाली. "तेच तर जास्त महत्त्वाचं आहे."

सरांनी करुणाला जिन्यात गाठलं. "तुम्ही मनाला लावून घेतलंय, मला दिसतंय. पण एक लक्षात ठेवा. सतराशे बाया आहेत आपल्याकडं. त्यातल्या किती जणींचं रक्त वाढवलं आपण, किती जणींचं बीपी वेळेत धरलं. एका घरापायी हे सगळं बंद पडलं, तर पुढच्या बायांनी कुणाकडं बघायचं?"

ते खोटं बोलत नव्हते.

जीपनं दोघी कवठे येमाईला गेल्या. आधी बंगला लागला. झुंबरबाईंनी पडवीत खुर्च्या टाकल्या, रश्मीला गाव विचारलं, मग करुणाकडं वळल्या. "तुमीच का फोनवर? आवाजावरनं थोराड वाटला हुता. आडनाव काय?"

"साळवे."

"न्हावऱ्याच्या व्हय. बरं बरं." आतून चहा आला. रश्मीला कपबशीत, करुणाला स्टीलच्या पेल्यात. करुणानं तो घेतला आणि गरम गरमच संपवला.

रश्मीनं कागद काढले. झुंबरबाई आपण होऊनच सांगायला लागल्या. "मी काय कमी केलं न्हाई हो. दोन्ही येळंला फोन घेतला, दोन्ही येळंला शेवंताला निरोप धाडला. म्हणलं, पुण्याच्या डॉक्टरांचा फोन हुता, त्यांनी सगळं बरं लिवून घेतलंय, काळजी करू नगं."

करुणानं रिकामा पेला खाली ठेवला. "मावशी, असं सांगितलंत तुम्ही? डॉक्टरांनी बरं लिहिलंय असं?"

"मग काय सांगू? तुमी लिवलंच ना? लिवताना कागदाचा आवाज येतोय की फोनात."

"आणि ताप वाढला तर दवाखान्यात न्या म्हणाले होते मी, ते?"

झुंबरबाई आठवू लागल्या. खरंच आठवू लागल्या. "त्या दिशी कांदा निघत हुता बाई," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरचा ताठा उतरला. "म्या म्हणलं, लिवून घेतलंय, म्हंजी डॉक्टरला कळलंच की."

ओढा ओलांडून दोघी वस्तीवर गेल्या. पत्र्याचं घर, पुढं शेळी, ओसरीत पाळण्यासारखं बांधलेलं लुगडं आणि त्यात पाच महिन्यांची मुलगी. अंजनाची आई शेवंताबाई मुलीला झोका देत होती. चाळिशीतली असेल, पण साठीची वाटत होती. तिनं बसायला पोतं अंथरलं.

रश्मीनं सावकाश, मऊ आवाजात प्रश्न विचारले. ताप कधी आला? "पाचवीच्या दुसऱ्या दिशी." वास? "व्हय." मग दवाखान्यात का नेलं नाही? शेवंताबाईनं तिच्याकडं न बघता उत्तर दिलं. "फोनवाले बरी म्हणत हुते ना. पुण्याचे मोठे डॉक्टर म्हणत्यात तर आपुन अडानी मानसानं कशाला घाई करायची. आमच्या मालकांनी तर जीप इचारून ठिवली हुती सातव्या दिशी. झुंबरबाईचा निरोप आला, तशी नगं म्हणलं."

रश्मीचं पेन थांबलं. तिच्या कागदावर या उत्तराला चौकट नव्हती.

मग शेवंताबाई करुणाकडं वळली. "बाई, तुमीच फोन करत हुता ना? तुमाला एक सांगते. तुमच्याकडं तर बरी लिवलंय. पर ती कशानं मेली, त्ये मला ठावं हाय. मी कुणाला बोलले न्हाई. तिच्या बापालासुदिक न्हाई." तिचा झोका देणारा हात थांबला. "बाळंतिणीला उकाळलेलंच पाणी द्यायचं असतंय. सहाव्या दिशी ती लई रडली. आये, घसा सुकला, माठातलं दे. मी दिलं. गार पाणी दिलं मी. तांब्याभर. त्येनंच भरली थंडी. माझ्याच हातनं गेली माझी पोर."

पाच महिने ही बाई हे एकटी उराशी धरून बसली होती.

करुणाला विश्वजीत सरांचे सतराशे आठवले. शेजारी रश्मी कागद घेऊन बसलेली होती. इथं जे बोललं जाईल ते त्यावर जाणार होतं. गप्प राहिलं तर काही बिघडत नव्हतं. शेवंताबाईला वरवर म्हणता आलं असतं, पाण्यानं काही होत नाही मावशी. पण रजिस्टरात 'बरी' लिहिलेलं असताना तिनं ते का मानावं?

"मावशी, पाण्यानं न्हाई गेली ती," करुणा म्हणाली. फोनवरची तिची शुद्ध भाषा गळून पडली होती. "तापामुळं तहान लागली हुती तिला. ताप आधीच हुता. आतनं जखम पिकली हुती. दवाखान्यात नेली असती तर वाचली असती कदाचित."

"पर तुमी तर बरी लिवलं."

"म्या तिला इचारलंच न्हवतं. एकदाबी तिच्याशी बोलले न्हाई मी बाळंतपणानंतर. झुंबरमावशी बोलल्या, आन् मी लिवलं. सातव्या दिशी कणकण हाय म्हणाल्या, तरी मी 'ताप नाही' लिवलं. डॉक्टरला काय माहीतच न्हवतं, मावशी. कुठल्याच डॉक्टरनं बरी म्हणलं न्हवतं."

रश्मीनं मान वर केली.

करुणाला वाटलं होतं, शेवंताबाई रडेल, किंवा तिच्या अंगावरचं ओझं थोडं उतरेल. तसं काही झालं नाही.

"मंग का न्हाई इचारलं?" शेवंताबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

करुणाकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ओढा, पाचवी, चौदा नंबर, शनिवार, फुल्या. पाळण्यातली मुलगी कुरकुरली, तशी शेवंताबाई उठली, तिला काढून खांद्याला लावली आणि पाठ करून घरात गेली. परत बाहेर आली नाही.

जीपमध्ये रश्मीनं विचारलं, "असे आणखी किती असतील?"

"मोजायला लागेल," करुणा म्हणाली.

दोघींनी पंधरा दिवस मोजलं. करुणानं रजिस्टर पुढं घेऊन एकेक ओळ आठवली, जिथं आठवेना तिथं पुन्हा फोन लावून घरच्यांना विचारलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतले सहाशे बावीस फोन 'पूर्ण' म्हणून नोंदलेले होते. त्यांतल्या फक्त एक्याऐंशी वेळा बाळंतीण स्वतः बोलली होती. बाकी सासवा, जावा, शेजारणी, एकदा तर दूध घालायला आलेला गवळी. गरोदरपणातले फोन मात्र बहुतेक बायांनी स्वतःच घेतलेले निघाले. म्हणजे जोवर बाई हिंडती-फिरती होती तोवर फोन तिच्यापर्यंत पोहोचत होता. ती बाजेवर पडली, आणि खरी गरज लागली, तेव्हाच तो दुसऱ्याच्या पडवीत वाजत राहिला.

रश्मीनं हे अहवालात लिहिलं. करुणाचं नाव घातलं नाही. विश्वजीत सर आता जिन्यात समोर आले की आधी वाट देऊन बाजूला उभे राहत. मार्चअखेर योजना थांबवायची असं पुण्याहून पत्र आलं. पत्रात गरोदरपणातल्या फोनबद्दल कौतुकाच्या दोन ओळी होत्या.

उरलेल्या सहा आठवड्यांत करुणानं कामाची पद्धत बदलली. बाळंतीण फोनवर आल्याशिवाय ती फोन ठेवेना. कुणी म्हणे, "बरी हाय," तर ती म्हणे, "मी थांबते." कुणी चिडून फोन आपटला, कुणी "ही बाई येडी हाय का" असं तिला ऐकू येईल असं म्हणालं. दिवसाला तीस फोन व्हायचे तिथं सहा-सात होऊ लागले, आणि त्यातही एखादीच बाई यायची. रजिस्टरात फुल्यांच्या रांगाच्या रांगा उमटल्या. त्या तिनं एकही न लपवता पुण्याला पाठवल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी तिनं न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीचा नंबर लावला. आठ दिवसांची बाळंतीण होती. सासूनं उचलला. "बरी हाय."

"मला तिच्याशीच बोलायचंय, आत्याबाई. मी थांबते."

"ती आत हाय."

"थांबते मी."

रिसीव्हर कशावर तरी आडवा ठेवल्याचा आवाज झाला. भांडी वाजली. लांब कुठंतरी बाळ रडलं. कुणीतरी कुणाला तरी हलक्या आवाजात काहीतरी म्हणालं. करुणानं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला होता. खाली खतांच्या दुकानापुढं टेम्पो येऊन थांबला, पोती उतरली, टेम्पो गेला. सुमारे बारा मिनिटं गेली. मग पावलं जवळ आली, श्वास ऐकू आला. करुणा सरळ बसली.

"हॅलो?" ती म्हणाली.

पलीकडून कुणीतरी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला.

करुणानं पुन्हा नंबर लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा फोन लागेचना. चारला विश्वजीत सर टेबलं मोजून घ्यायला आले, तेव्हा तिनं त्या नावापुढं फुली मारली, शेजारी बारीक अक्षरात 'बोलणं झालं नाही' असं लिहिलं आणि रजिस्टर त्यांच्या हातात दिलं.